गुडघे टेकून मागितलेली माफी

प्रिय भावा,

तुला सगळं गाव फादर म्हणतं, मी म्हणणार नाही. ज्याचं शेंबडं नाक मी पुसलं त्याला फादर कसं म्हणू? एक आधीच सांगते. हे वाचून हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. तुला मी काही विचारतच नाहीये. मला जे कळलं ते आपल्या बारकीकडून, आणि तिला तिच्या नवऱ्याकडून.

बारकीचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. वरचे-खालचे दात डॉक्टरांनी तारेने आवळून बांधलेत. नळीने दूध ओढते आणि दातांच्या फटीतून बोलते. डावा डोळा रक्ताने भरलाय. तिच्या केसांत वाळलेलं रक्त मी ओल्या कापसाने सोडवत होते, तेव्हा थांबत थांबत तिने सगळं सांगितलं.

तिचा नवरा गॅरेज बंद करून तुझ्याकडे कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला आला, तिथून घरी गेला आणि ओट्यासमोरच्या फरशीवर गुडघे टेकून तिचे पाय धरले. म्हणाला, तुझ्या भावानं सांगितलंय, बायकोपुढे गुडघे टेक, मारलंस त्याची माफी माग. देवानं केलं माफ, आता तू कर. बारकी बावरली. अहो उठा, असं काय करताय, केलं माफ, म्हणाली. तो उठला, पँट झटकली आणि कुकरचं झाकण उचलून तिच्या तोंडावर हाणलं. मला गुडघ्यांवर आणतेस? भावाकडे चुगल्या करतेस? ती सिंकवर कोसळली, तर केस धरून तिचं तोंड नळावर आपटलं. पुन्हा आपटलं. तिचा एक दात सिंकच्या जाळीत अडकला होता. तो मी या बोटांनी काढला.

अरे शहाण्या, नम्रतेचं औषध कुणाला द्यावं याचा काही विचार? गॅरेजात त्याला गिऱ्हाईक जरी ओरडलं तरी घरी त्याची भरपाई बारकीच्या हाडांतून होते. त्याला तू तिच्याच पायाशी बसवलंस! पोलिसांपुढे जाऊन बस, असं का नाही सांगितलंस? तोवर क्षमा नाही म्हणायला तुला कुणी अडवलं होतं? बघ, विचारणार नाही म्हणाले आणि विचारत सुटले.

आपलं भांडण तुला ठाऊकच आहे. मी बायकांच्या सभेत गरजते की डॉक्टरला, मास्तरला मारहाण कळली तर पोलिसांना कळवावी लागते, मग कबुलीत ऐकलं म्हणून पाद्र्यालाच सूट का? तू म्हणतोस, कबुलीचं ते दार उघडं टाकलं तर असा माणूस कुणाशीच बोलणार नाही. मी म्हणते, बोलून त्याने काय दिवे लावले? मागच्या भेटीत जेवण थंड झालं, आई ताटं उचलून आत गेली, तरी आपण थांबलो नाही. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. तू आम्हाला टाळतोस तेही मला समजतं. बारकीला पाहिलंस तर तुझा चेहरा बोलेल, आणि कबुलीत ऐकलेलं नुसतं चेहऱ्याने बोललं तरी गुप्ततेची शपथ मोडते, ही तुझी भीती. नर्स रोज विचारते, यांचे भाऊ परगावी असतात का हो? मी मान डोलावते.

पण ते भांडण पुढे न्यायला हे लिहिलेलं नाही. फौजदार बाई जबाब घ्यायला येऊन रिकाम्या हाताने गेल्या. बारकी त्यांना म्हणाली, पाय घसरून पडले. नंतर मला म्हणाली, दादानं देवाच्या वतीनं त्यांना माफ केलंय, मी तोंड उघडलं तर दादाचा शब्द खोटा पडेल. कळलं? तुझी शपथ ती पाळत बसलीये! उद्या तिला घरी सोडणार आहेत. तो गाडी घेऊन न्यायला येणार आहे, तिने हो म्हटलंय. त्याआधी सकाळी फौजदार बाई शेवटच्या येतील. तू त्यांच्याही आधी ये. त्याचं नाव काढू नकोस, कन्फेशनच्या त्या पेटीचं काढू नकोस. नुसता भाऊ म्हणून तिच्या खाटेवर बस आणि म्हण, बारके, गप्प राहायची शपथ मी घेतलीये, तू नाही. एवढंही जमणार नसेल, तर पुढच्या वेळी त्या घरातून आम्ही जे उचलून आणू, त्यावर प्रार्थना म्हणायलाही येऊ नकोस.

तुझीच, आणि उद्यापुरती तरी आधी तिची,
ताई