हेमलाचा ऑक्टोबरचा फारम

मंगरूळपीर
ता. १७ ऑगस्ट १९७८, गुरुवार

चिरंजीव हेमला हिस,

मायचा जयभीम. जवाईबापू जानरावले अन् तुझ्या सासू-सासऱ्यायलेही सांगजो. आमी इकडे बरे आहोत, तुमी सगळे बरे असाल. पाणी यंदा बरं आहे. मूग काळा पडते का काय, असं सगळे म्हणून राह्यले.

अक्षर पाहून घाबरू नको. बाबाले काही झालं नाही. दर खेपेस ते लिहितात अन् मी बाजूले बसून सांगते. हे पत्र त्यायच्यासमोर लिहिता येत नाही, म्हणून ते कचेरीत गेल्यावर बसली. माझी तिसरी झालेली, तीही अर्धी. एक ओळ लिहाले जेवढा वेळ लागते तेवढ्यात चार भाकरी होतात. तुले वाचाले तरास होईन. तरी पुरं वाच.

शेजारची लिलाबाई विचारत होती, हेमला लग्नानंतरच्या पहिल्या आखाडीच्या सणाले काहून नाही आली? मी म्हणली, रिसोडचा रस्ता खराब आहे. ती म्हणे, रिसोडची गाडी तर रोज येऊन राह्यली. मी म्हणली, बाई, तू तुझी शेळी सांभाळ.

रस्ता खराब नाही हे मले माहीत आहे.

तुझ्या बाबानं तुले तीन पत्रं धाडले. तुझं एकच आलं, दोन ओळीचं, तेही माझ्या नावानं. त्यात बाबाले जयभीम एवढंही नव्हतं. अन् वाचून दाखवाले कोण? तेच. वाचून झाल्यावर त्यायनं कागद उलटा करून पाहिला, मागं काही आहे का म्हणून. मग घडी करून माझ्या हाती दिला अन् म्हणाले, "अक्षर सुधरलं पोरीचं." उठले अन् सायकलीत हवा भरत बसले. हवा होतीच.

आता कामाचं सांगते. या पाकिटात एक फारम आहे. फाडू नको, चुलीत घालू नको. तुझ्या शाळेत जाऊन रामराव हेडमास्तराकडून आणला. ऑक्टोबरात दहावीची परीक्षा पुन्हा होते, तिचा. त्यायनं तुझी मार्कशीट काढून मले बोट ठेवून दाखवलं. मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल अन् शास्त्र, यात तुले सूट भेटली. ते विषय पुन्हा द्यायचे नाहीत. गणित अन् इंग्रजी तेवढं राहिलं. ते दोन निघाले की तोच दाखला भेटते जो मार्चवाल्यायले भेटते.

मी विचारलं, "लोकं हसणार नाहीत, दुसऱ्या खेपेले बसली म्हणून?"

ते म्हणाले, "आवडाबाई, तुमचे मालक तीन खेपा बसले. कोणी हसलं?"

मीच हसली होती.

बाबाले सतरा नंबरचा फारम लागला होता, तो बाहेरून बसणाऱ्या मोठ्या माणसायचा. त्यायचा सातवीचा जुना दाखला शोधाले किती दिवस गेले तुले आठवते. तुले ते काही नाही. तू शाळेची पोरगी, रिपीटर म्हणून बसशीन. तीन जागी सही कर, पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत. तीस तारखेच्या आत शाळेत पोचला पाहिजे.

मी उठली तर रामराव म्हणाले, "पोरगी हुशार होती. जानेवारीपासून वर्गात दिसली नाही. घरी काय झालं होतं?"

मी म्हणली, "काम होतं."

ते चष्म्यातून पाहत राह्यले. मी फारम घेतला अन् निघाली. घरी येऊन चार भांडे घासलेले पुन्हा घासले.

हेमला, आता जे लिहिते ते एकदाच लिहिते.

जानेवारीत मी तुले म्हणली होती, "बाबा म्हणतात, या साली तू घरचं पाह. मायसंग कापूस वेचाले जा. एका घरात दोघायचा अभ्यास होत नाही." तू पुस्तकं पेटीत घातले, कमरेले ओटी बांधली अन् माझ्या आधी वावरात पोचली. मार्चात तशीच, कोऱ्या डोक्यानं, पेपर देऊन आली.

बाबा तसं काही म्हणाले नव्हते. ते मी म्हणली होती. माझ्या मनानं.

अन् त्यायले मी दुसरंच सांगितलं. त्यायनं मले विचारलं होतं, "हेमला पुस्तक काहून हाती घेत नाही?" मी म्हणली, "तिचं मन उडालं. गणित डोक्यात शिरत नाही म्हणते. तुमी काही बोलू नका, रडते मग." ते भोळे. त्या दिवसापासून तुझ्यासमोर पुस्तक उघडाले त्यायले लाज वाटे. छपरीत जाऊन, पाठ फिरवून वाचत. तुले वाटलं असेल, बाप तोंड लपवून राह्यला.

काहून केलं? लिलाबाईचा घरवाला मॅट्रिक झाला अन् शिपायाचा कारकून झाला. तिच्या घरी खुर्ची आली. मी ऐकलं होतं की चाळिशीच्या आत पास झालं तरच बढती भेटते. तुझे बाबाही शिपाईच, अन् एकोणचाळीसचे. मी म्हणली, याच साली होऊन जाऊ दे. पोट्टी अठराची आहे, तिले काय, पुढच्या साली बसन. मग मे महिन्यात तुझं स्थळ आलं. चांगलं होतं, मी हो म्हणून टाकलं. तुझं पुढचं साल तिथंच गेलं.

जूनमध्ये, तू सासरी गेल्यावर, निकाल लागला. पेपरात त्यायचा नंबर होता, तुझा नव्हता. ते बोट फिरवत खालपर्यंत गेले, पुन्हा वर आले. मी साखरेचा डबा काढला अन् म्हणली, "आता साहेबाले सांगा, कारकून करा म्हणा."

त्यायनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "हेमलाची माय, ते दार बंद होऊन दोन साल होत आले. कचेरीच्या कागदात मी चाळिशी पार आहे."

मी भांडली. तुमी एकोणचाळीसचे, सासूबाई मले सांगत की मोठा पूर आला त्या साली तुमी झाले. मग त्यायनं सांगितलं. शाळेत नाव टाकाले नेलं तवा जन्मतारीख कोणाजवळ होती? मास्तर म्हणे, डोक्यावरून हात घे अन् पलीकडचा कान धर. लहान्या पोराचा हात पुरत नाही, सहाच्या पोराचा पुरते. यायचे हात पहिल्यापासून लांब, चौथ्या सालीच कान धरला. मास्तरानं सहा लिहून टाकले. तेच नोकरीच्या कागदात, तेच आता मॅट्रिकच्या दाखल्यावर.

मी म्हणली, "मग तीन सालं डोळे कायले फोडले?"

ते म्हणाले, "हेमलासाठी. आठवीत गेली तवा म्हणे, बाबा, आपल्या घरात कोणी मॅट्रिक नाही, मले भेव लागते. मी म्हणलं, आपण संग करू. मी बाहेरून, तू शाळेतून. मी एक-एक विषय काढत येतो, तू वर्ग चढत ये. दोघं एकाच साली पास होऊ." मग म्हणाले, "पण तिनंच सोडलं. मी जबरदस्ती कशी करू?"

साखरेचा डबा माझ्या हातातच होता.

हे तुमी दोघायनं ठरवलं होतं अन् मले कोणी सांगितलं नाही. सांगतान तरी कवा? माझ्यापाशी उभं राहून कोणाले बोलू दिलं मी? तुले वाटून राह्यलं की बाबानं बोली मोडली अन् तुले वावरात धाडलं. त्यायले वाटून राह्यलं की पोरीनं बोली मोडली. दोघं चूप, अन् मधात मी.

त्यायले अजून सांगितलं नाही. दोन महिने झाले. रोज ताट वाढते, तोंड उघडते, अन् म्हणते, मीठ देऊ का. त्यायचा दाखला शाळेत येऊन पडला आहे. आणाले जात नाहीत. मी म्हणली तर म्हणतात, "घाई काय आहे? तिथं का उंदीर आहेत?" पण हसत नाहीत.

म्हणून आधी तुले लिहिलं. हे पत्र पोस्टाच्या पेटीत पडलं की मले मागं फिरता येत नाही. मग त्यायले आजच सांगते, ते आले की, चहाच्या आधी. ते ओरडणार नाहीत. ओरडले असते तर मी कवाच सांगून टाकलं असतं.

सासूबाई नाही म्हणल्या तर सांगजो, माय येऊन पाया पडते. खरंच येईन, पहिल्या गाडीनं. जानरावले हे पत्र दाखवायचं असलं तर दाखव. माझी लाज राखू नको.

माफ कर म्हणून मी लिहीत नाही. तेवढं सोपं नाही. तू या साली नाही बसली, कधीच नाही बसली, तरी मले बोलाले जागा नाही. पण बाबाचा राग धरू नको. तो माझा आहे, इकडे धाड.

फारम सही करून बाबाच्या नावानं पाठव. त्यात दोन ओळी त्यायले लिही, काय लिहायचं ते तुले समजते. मले काही लिहू नको. माझ्या नावाचं पाकीट आलं तर मी ते न उघडता त्यायच्याच हाती देईन.

तुझी दहावी जिनं नासवली, ती तुझी माय
आवडाबाई