फ्रेमाबाईंची गाडी आणि माझी सुटका

आजेकुम मामांना, सुआमेच्या गॅरेजातून भाचा याव याचा हात पुसून नमस्कार. (हात नीट पुसले गेले नाहीत, ते कागदावर दिसेलच.) गुडघा कसा आहे? कोको यंदा बरा लागलाय असं आई म्हणत होती. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुम्ही अर्ध्यातच ओरडायला लागता, आणि ही गोष्ट पूर्ण ऐकल्याशिवाय ओरडण्यात मजा नाही.

तर ओपुनी उस्ताद मला म्हणाले, चार वर्षं शिकवतोय तुला, आता फ्रेमाबाईंच्या गाडीचा दोष एकट्याने शोध, सापडला की तुला मोकळं करतो. म्हणजे डोक्यावर पावडर, मोठ्यांसमोर आशीर्वाद, आणि मग मी स्वतःचं गॅरेज टाकायला मोकळा. नाही सापडला तर अजून एक वर्ष झाडू. मामा, झाडूचं माझं शिक्षण केव्हाच पूर्ण झालंय.

फ्रेमाबाई म्हणजे बाजारात मयताची लाल-काळी कापडं विकतात त्या विधवा बाई. त्यांची गाडी चालता चालता एकदम मरगळायची, मग पेडल जमिनीला टेकवा, गोगलगाय पुढे जाईल. स्कॅनर म्हणाला, पेडलच्या सेन्सरांचं आपसात पटत नाही. (ह्या गाड्यांना ॲक्सिलरेटरची केबल नसते. पेडलमधले दोन सेन्सर कॉम्प्युटरला निरोप देतात आणि कॉम्प्युटर थ्रॉटल उघडतो. दोघांचे निरोप जुळले नाहीत की तो कुणाचंच ऐकत नाही, आमच्या आईसारखा.) मी शहाणा, आधी थ्रॉटल धुतला. मग भंगारातून दुसरा आणून बसवला. मग पेडल बदललं. दर वेळी आवारात गाडी अशी उसळायची की मी पोरांसमोर नाचून घ्यायचो, आणि दुपारी बाई परत हजर. "काय रे डॉक्टर, पेशंट परत आडवा झाला." तिसऱ्या खेपेला मी नाचलो नाही, पोरं नाचली.

शेवटी उस्ताद म्हणाले, "गाडीची तपासणी पुरे. आता बाईंच्या शेजारी बसून बघ." बसलो. मामा, बाई गाडी चालवत नाहीत, हॉर्न वाजवतात, गाडी आपली सोबत येते. बकरी दिसली हॉर्न, बकरी गेली हॉर्न, ओळखीचं कोणी दिसलं की लांबलचक हॉर्न. त्या लांबलचकलाच गाडी मेली. (आमच्या आवारात हॉर्न वाजवला की उस्ताद पाना फेकून मारतात, म्हणून तिथे ती ठणठणीत.) डॅशबोर्डखाली डोकं घातलं. हॉर्नची अर्थिंगची वायर कुण्या महाभागानं सेन्सरच्या अर्थिंगच्या वायरला जोडलेली. हॉर्न वाजला की सेन्सर बरळणारच. जोडावर लाल टेप, तीन वेढे, वर गाठ. अशी गाठ अख्ख्या सुआमेत एकच गाढव मारतो. मामा, बाईंना मी मोठा हॉर्न बसवून दिला त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती, आणि ती वायर हाताला सगळ्यात जवळ होती.

वायर हलवली, गाडी सुतासारखी सरळ. उस्तादांना सांगितलं, तिकडे तेचिमान गावच्या कुठल्या तरी रस्त्यावरच्या वायरमनचं काम. ते म्हणाले, "त्याच्या उस्तादाचं नाव शोधून काढ. असलं बेणं कुणी शिकवलं ते बघायचंय मला." मी झाडू उचलला आणि झाडलेलं आवार पुन्हा झाडलं.

पुढच्या रविवारी मला मोकळं करणार. आईच्या भावाशिवाय ते होत नाही, तेव्हा या.

तुमचा, जवळजवळ मोकळा,
याव

ता. क. आशीर्वादाला श्नॅप्स दारू लागते, तिच्या दोन बाटल्या आणा. आणि तुम्हाला सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचंय की पोरगा खोटं बोलत नाही. घरी सराव करून या, हसू येईल.

ता. क. खरं काम हे. फ्रेमाबाई येणार आहेत, आणि हॉर्न कुणी बसवला ते त्यांना पक्कं आठवतं. त्यांना तुमच्या शेजारी बसवतो, बोलण्यात गुंतवून ठेवा. तुम्हीही एकटेच आहात आणि त्यांची फार चौकशी करता, असं मी सांगून ठेवलंय.

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत उस्तादांनी पत्र वाचलं. लाल टेप त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती म्हणे, मी किती दिवस घेतो ते बघत होते. म्हणाले, "मामाला लिही, मोकळा करतोच. असल्या वायरी माझ्या नावावर जोडण्यापेक्षा स्वतःच्या नावावर जोडू दे." तेव्हा बाईंना गुंतवायची गरज उरली नाही. पण बाईंनी तुमच्यासाठी नवीन झगा शिवायला टाकलाय, आणि शिंप्याने तुमचं माप विचारलं तेव्हा मीच दिलं.