रेमीचा आवाज आणि माझं घर

मी, श्रीमती उल्का शशिकांत आठल्ये, वय छप्पन्न, राहणार रेडलँड, ब्रिस्टल, हे कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली लिहीत नाही. माझ्या किडन्या थकल्या आहेत, डोकं नाही. तसं माझ्या किडनीच्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. यापूर्वी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः ऑगस्टमधलं, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

अंमलबजावणी माझा भाचा राजीव याने करावी. तो सॉलिसिटर आहे. इंग्रजी तर्जुमाही त्यानेच करावा, आणि करताना माझी वाक्यं सभ्य करू नयेत.

कलम १. राहतं घर, बागेसह आणि आतल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी शिल्पा हिला मिळावं. ती कार्डिफला हॉस्पिटलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त वरच्या मागच्या खोलीबद्दल कलम ५ आधी वाचावं.

कलम २. माझा मिरजेचा तानपुरा स्टॅनमोरच्या वैजयंती लेले यांना द्यावा. १९७९च्या गणेशोत्सवात त्यांनी माझं गाणं 'वेळेअभावी' कापलं आणि स्वतः तीन गाणी म्हटली. न लावता येणारा तानपुरा दिवाणखान्यात मिरवावा लागणं एवढी शिक्षा त्यांना पुरे.

लग्नाआधी मी पुणे आकाशवाणीवर भावगीतं गात असे. १९६८ साली लग्न करून इकडे आले. माझे यजमान कान-नाक-घशाचे सर्जन. त्यांनी अर्ध्या ब्रिस्टलचे घसे तपासले, पण "उल्का, एखादं गाणं म्हण ना" असं सव्वीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. मीही आपणहून म्हटलं नाही. हे दुसरं वाक्य ऑगस्टच्या मृत्युपत्रात नव्हतं.

कलम ३. डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, जमवलेल्या रेमी बारालच्या अकरा रेकॉर्ड्स शिल्पाने घ्याव्यात. तिला त्या पाठच आहेत.

ही बाई कोण, हे राजीवला आणि पुढे वाचणाऱ्यांना कळायला हवं. तिचं खरं नाव रेमेडिओस. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ उपाय, औषध. डॉक्टरांना या नावाचं फार कौतुक होतं. तिचे आईबाप स्पेनमधल्या यादवीत हरलेल्या बाजूचे. १९३९च्या थंडीत डोंगर ओलांडून पायी फ्रान्समध्ये आले आणि आधी समुद्रकाठच्या छावणीत वाळूवर झोपले. बाप गवंडी, आई हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायची. रेमी १९४१ साली तुलूझला जन्मली, माझ्याच वर्षी. निर्वासितांच्या हॉलमध्ये दर रविवारी ती टेबलावर उभी राहून स्पॅनिश गाणी म्हणे आणि मोठमोठे गवंडी रडत. एकोणिसाव्या वर्षी पॅरिसला गेली. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने तिचं नाव अर्ध्यात कापलं. उरलेलं अर्धं तिकडे पुरुषाचं नाव असतं, पण तिने ते तिरक्या टोपीसारखं मिरवलं. पुढे नाव झालं, पैसा आला, स्पेनमधूनही बोलावणं आलं. ती म्हणाली, तो हुकूमशहा जिवंत आहे तोवर नाही. दहा वर्षं गेली नाही. तो मेल्यावर गेली आणि आईच्या गावात चर्चच्या पायऱ्यांवर बसून फुकट गायली.

मला जगातल्या चांगल्या माणसांचा हेवा वाटतो असं नाही. पण एवढं सगळं एकाच बाईला मिळालेलं माझ्याच्याने बघवलं नाही.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही, माझ्या यजमानांच्या नावाचं आहे. राजीवने हे मोठ्याने वाचावं.

नोव्हेंबर १९८४ मध्ये रेमीचा ब्रिस्टलला कार्यक्रम होता. तोवर फ्रान्समध्ये तिची फॅशन ओसरली होती आणि ती बाहेरच्या देशांत दौरे करत होती. दुपारी तिचा आवाज बसला. थिएटरवाल्यांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. आणि संध्याकाळी तिला सूटकेससकट आमच्या घरी घेऊन आले.

"अहो, हे काय?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"हॉटेलात एकटी कशी राहील ती? वरची मागची खोली रिकामीच आहे."

दहा दिवस ती माझ्या घरात मुकी राहिली. मी मऊ भात, तूप, मेतकूट करून घातलं. ती वहीत लिहायची, 'आणखी थोडा'. डॉक्टर रोज वेळेवर घरी यायला लागले. ती समोर गप्प बसलेली असताना तिच्याच रेकॉर्ड्स लावून, डोळे मिटून ऐकायचे. मी गाऊ शकत असताना सोळा वर्षं या घरात शांतता होती; ती गाऊ शकत नसताना घर तिच्या गाण्याने भरून गेलं. शिल्पा तेव्हा नऊ वर्षांची. अकराव्या दिवशी रेमी बोलायला लागली तेव्हा शिल्पाला तिची दोन गाणी येत होती. माझं एकही येत नव्हतं.

त्यानंतर ती दर वर्षी यायची. त्या दोघांत वावगं काही नव्हतं, हे मी शपथेवर लिहिते. असतं तर मला बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

मार्च १९९२ मध्ये तिचा ल्योंहून फोन आला. डॉक्टर एडिंबराला कॉन्फरन्सला गेले होते.

"उल्का, तीन आठवडे घसा खरखरतोय. काल थुंकीत रक्त होतं. एप्रिलपासून दौरा आहे. त्याला विचार, गाऊ का? तो नाही म्हणाला तर मी सगळं रद्द करून तुमच्याकडे येते. पुन्हा गप्प बसते, महिनाभर."

मी म्हटलं, विचारून ठेवते. डॉक्टर परत आले. मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिचा पुन्हा फोन.

"काय म्हणाला?"

"साधी सर्दी आहे म्हणाले. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर आणि गा."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने, माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून. गॅसवर दूध होतं, ते उतूसुद्धा गेलं नाही. तिचा गळा जावा असं मला वाटत नव्हतं. मला फक्त तिने पुन्हा महिनाभर माझ्या घरात गप्प बसलेलं नको होतं.

ती गायली. एकोणीस कार्यक्रम. मे महिन्यात कार्डिफला शेवटचा, आम्ही तिघं तिसऱ्या रांगेत होतो. चौथ्या गाण्यात वर चढताना तिचा आवाज एकदम तुटला, म्हणजे नुसता बंदच झाला. ओठ हलत होते. ऑर्केस्ट्रा थोडा वेळ तसाच वाजत राहिला. शिल्पाने माझा दंड धरला.

"आई, रेमीची आवाज गेली?"

मी तिचं मराठी सुधारलं. "रेमीचा आवाज. गेला." एवढंच मला सुचलं.

आतल्या खोलीत रेमी आरशासमोर बसली होती. रुमालावर रक्त. डॉक्टर तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. तिने पेन्सिलीने लिहून कागद त्यांच्यापुढे धरला: 'तू गा म्हणालास.'

डॉक्टरांनी कागद वाचला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याचा एक्स-रे बघावा तसं. मग तिला म्हणाले, "येस. आय सेड सो. आय वॉज राँग."

ऑपरेशन झालं. बोलण्यापुरता आवाज वाचला, जाडाभरडा, गाण्याचा गेला. डॉक्टरांनी त्याच वर्षी वेळेआधी रिटायरमेंट घेतली. लोकांना वाटलं, थकले. दोन वर्षांनी ते हार्ट अटॅकने गेले. त्या दोन वर्षांत मला एक शब्दही बोलले नाहीत याबद्दल. सकाळचा चहा मात्र तेच करून आणायचे, पूर्वीसारखा.

ती चूक त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतली, की माझ्यावर चिडून तिने आमच्या घरी यायचं थांबवू नये म्हणून? हा प्रश्न मी रोज उकरते. माझ्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी माया होती ती, आणि तीसुद्धा माझीच होती का, हे मला ठाऊक नाही.

म्हणून जाहीर करते: डॉ. शशिकांत आठल्ये यांनी रेमी बाराल हिला कधीही चुकीचा सल्ला दिला नाही. त्यांना विचारलंच गेलं नव्हतं. शिल्पाने हे दोनदा वाचावं. रेमीला पुन्हा बोलायला शिकवणारी थेरपिस्ट बघून तिने आपला व्यवसाय निवडला. तिच्या पगारामागे काय आहे ते तिला कळू दे.

कलम ५. वरची मागची खोली रेमीला हयातभर वापरायला द्यावी, असं मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं. ती आता ब्रिस्टलमध्येच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, मुलांना फ्रेंच शिकवते. पण मेल्यावर खोली देऊन सुटायचं हे मला पटेना. गेल्या मंगळवारी डायलिसिसनंतर मी तिला घरी बोलावलं आणि कलम ४ इंग्रजीत सांगितलं, सगळं.

तिने कप खाली ठेवला. त्या बाईचं गप्प बसणं मला अजून सोसत नाही.

मग म्हणाली, "मी त्याला माफ केलं होतं, उल्का. फार जड गेलं. एक वर्ष लागलं मला. आणि त्याने काही केलंच नव्हतं."

"हो."

"आता पुन्हा तेवढं माझ्याच्याने होणार नाही. तुझ्यासाठी तर नाहीच."

"मी मागितलं नाही."

"खोली नको मला. त्याचा तो लांब दांडीचा आरसा दे, घशात बघायचा."

तो आरसा मी शिल्पासाठी ठेवला होता. द्यावासा वाटत नव्हता. मी उठून कपाटातून काढला आणि दिला. तेव्हा खोलीचं कलम रद्द. आरसा पोचला आहे, तो माझ्या मालमत्तेत धरू नये.

दारात तिने कोट घातला आणि विचारलं, "तुझ्या फ्युनरलला मी यावं असं तुला वाटतं?"

"तुझी मर्जी."

"येईन," ती म्हणाली. "तू त्याची बायको होतीस म्हणून."

कलम ६. माझे अंत्यविधी साधे करावेत. भाषणं नकोत, टेप लावू नये. रेमी बाराल आली तर तिला पहिल्या रांगेत बसवावं, ~~पण शिल्पाच्या शेजारी बसवू नये~~.

वरील कलमातले 'पण' पासून पुढचे शब्द मी स्वतःच्या हाताने, दोन्ही साक्षीदारांसमोर खोडले आहेत. सही करण्याआधी बराच वेळ ते तसेच होते. समासात आम्हां तिघांची आद्याक्षरं आहेत.

ठिकाण: ब्रिस्टल
तारीख: १७ ऑक्टोबर १९९७

सही: उल्का शशिकांत आठल्ये

आम्ही दोघं एकाच वेळी हजर होतो. बाईंनी आमच्यादेखत सही केली आणि मग आम्ही केली. या कागदातून आम्हांला काहीही मिळायचं नाही.

साक्षीदार १: सुप्रभा नाडगौडा, शेजारीण
साक्षीदार २: श्रीनिवास नाडगौडा, इंजिनिअर, वरीलप्रमाणे