शिरीष मेला, असं मी लिहून दिलं

३ एप्रिल
मोठ्या डॉक्टरबाईंनी हॉस्पिटलच्या आवारातल्या झाडांचा चार्ज माझ्याकडे दिला. गोळ्या-बँडेज मोजणारा माणूस झाडांचं काय करणार, असं घरी ही म्हणाली. हिला सिस्टिम कळत नाही. गेल्या वर्षी पाऊस नाही, दिवसाला एकच टँकर. माझा नियम: जे हिरवं, त्यालाच पाणी.

१० एप्रिल, सकाळी
पाहणी केली. सुरूची सहा झाडं हिरवीगार. पास. कडुनिंब पाण्यावाचूनही मजेत. आमचे माळीकाका म्हणतात, त्याची मुळं खूप खोल. गेटजवळच्या शिरीषावर एक पान नाही. नापास. काका म्हणाले, साहेब, तो मेला नाही, पानं टाकून पाणी वाचवतोय. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवी आहे. काळजी सुरूची करा, तो शेवटपर्यंत काही दिसू देत नाही.
काकांचा अनुभव तीस वर्षांचा. पण रेकॉर्ड ठेवत नाहीत.

२ मे
शिरीष तोडायची ऑर्डर काढली. कारण: मृत व धोकादायक. साल खरवडणारच होतो, पण नखं कालच कापली होती.

५ मे
तोडला. बुंधा आतून ओला. तोडणारा म्हणाला, जिवंत होता की हो! मी म्हणालो, ही शेवटची ओल. असं काही असतं का, माहीत नाही.
पेशंटचे नातेवाईक त्याच्याखालच्या बाकांवर बसायचे. नुसत्या फांद्यांचीही सावली पडत होती, हे आज कळलं. एक आजोबा डोक्यावर एक्स-रेचं पाकीट धरून बसले होते. मी मागच्या दाराने घरी आलो.

२८ मे
सुरूची पाच झाडं आठवड्यात तपकिरी. रोज पाणी देऊन! काका म्हणाले, दहा मिनिटांच्या पाण्याने वरची माती भिजते, मुळं नाही.
बाईंनी विचारलं, शिरीष तोडायचं कोणी ठरवलं? मी म्हणालो, काकांनी आणि मी मिळून. काका तिथेच होते. माझ्याकडे बघत राहिले. मी कॅलेंडरकडे बघितलं.

२९ मे
संकल्प: उद्या बाईंना खरं सांगणे.

३० मे
बाई मीटिंगमध्ये. तासभर तरी होत्या. नंतर भेटतील का, मी विचारलं नाही.

६ जून
घसा बसलाय.

१९ जुलै
पाऊस होऊन पंधरा दिवस. मागच्या आवारातल्या दुसऱ्या शिरीषाला पालवी फुटली. त्याचीही ऑर्डर टाईप केली होती, प्रिंटर बिघडला म्हणून वाचला. जेवण गेलं नाही.

२० जुलै
बाईंना एका दमात सांगितलं. काका नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. त्या मान वर न करता म्हणाल्या, ऑर्डरवर सही एकच होती. तुम्ही कधी येता ते बघत होते. मला वाटलं, आठवडा लागेल.
काकांची माफी मागितली. म्हणाले, माझं राहू द्या, उन्हात बसलेल्यांना सांगा.
गेलो. बाकावर एक बाई पदराने वारा घेत होती. तिला सांगितलं, इथलं झाड मी तोडलं, चुकलो.
ती म्हणाली, इथे झाड होतं?