निळी सायकल

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप ताई,

पायांवर डोकं ठेवलं आहे असं समज. खरोखर वाकलो तर उठवायला माणूस बोलवावा लागेल. इकडे सगळं ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? जिन्यावरून घाईने उतरू नकोस.

तू डोळ्यांचं विचारलं होतंस. डोळे उत्तम आहेत. हल्लीचे बल्बच मिणमिणते निघतात. अक्षर मोठं काढलंय ते तुला वाचायला सोपं जावं म्हणून.

आता खरी बातमी. आपली नात आली! तीन वर्षांनी सैन्यातून दोन महिन्यांच्या सुट्टीवर.

ती येणार म्हटल्यावर गल्लीला नुसता ऊत आला होता. बेकरीवाल्याने बँड ठरवला. टेलरबाईंनी उरलेल्या कापडाच्या पताका शिवल्या. माझ्या जिवाला मात्र घोर. बँडने ती दचकली तर? शिडीवरून कुणी पडलं तर? गाडी चुकली तर? टेलरबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही फक्त पुढे व्हा आणि तिच्या हातात फुलं द्या. काळजी करायला आम्ही आहोत ना."

ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली. फुलं द्यायची म्हणजे एवढ्या गर्दीत नेमकी तीच ओळखायची. सगळ्यांदेखत चुकलो तर? तीन वर्षांत माणूस बदलतं, ताई. केस कापले असतील, रोड झाली असेल. म्हणून म्हणतो, दुसरं काही नाही.

मग मला युक्ती सुचली. फुलं नकोत, तिची जुनी सायकल द्यायची. माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात होतीच. मी नुसता हँडल धरून उभा राहणार. सायकल दिसली की तीच धावत येईल, मला कुणाला शोधायला नको. चेन बदलली, ब्रेक आवळले. ती कामं हातांना पाठ आहेत. तिच्या आवडीचा निळा रंग दिला. अर्ध्यावर डबा संपला, तर फळीवरचा दुसरा उघडला. बेकरीवाला बघायला आला, सायकलीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "वा आजोबा! अशी सायकल अख्ख्या गावात नाही." टेलरबाईंना नेमका तेव्हाच ठसका लागला.

काल ती आली. बँड सुरू झाला, पोरं ओरडायला लागली, आणि समोरून टोपी, युनिफॉर्म, ताठ चाल! माझा धीरच सुटला. उभं राहायचं ठरलेलं विसरलो, सायकल पुढे ढकलली आणि "ये गं माझी वाघीण!" म्हणत घट्ट मिठी मारली. छातीला काहीतरी थंडगार लागलं. पितळेचं होतं.

ताई, तो बँडमास्तर होता. चांगला मिशावाला.

बँड थांबला. धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं. इतक्यात माझ्या हाताजवळ सायकलची घंटी वाजली आणि आवाज आला, "आजोबा, सायकल मास्तरांना दिलीत, आता मी काय पिपाणी वाजवत घरी जाऊ?"

मग जी हसली म्हणतेस गल्ली! सगळ्यात मोठ्याने बँडमास्तर. म्हणाला, "मला कडेवर घेतलं नाही हेच नशीब!"

मी चाचपडत तिचा हात धरला. विचारलं, "रंग आवडला ना? निळाच दिलाय, तुझा." तिने माझा हात दाबला. म्हणाली, "फार आवडला, आजोबा."

मग मला कॅरियरवर बसवून तिने गल्लीतून मिरवलं. मागे बँड, वरून पताका, पोरं पळताहेत. मी ओरडतोय, "हळू! उजवीकडे खड्डा आहे!" ती म्हणते, "उजवीकडे म्हैस आहे, आजोबा. खड्डा डावीकडे." इतका मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो.

दाराशी तिने ब्रेक दाबला आणि हळूच विचारलं, "सायकल पुढून निळी आणि मागून हिरवी का आहे?"

आता तुझ्यापासून तरी काय लपवू. दोन वर्षं झाली, सगळं धुक्यातून दिसतं. गल्लीला माहीत होतं. रस्ता ओलांडताना बेकरीवाला दर वेळी सहज भेटायचा, आणि मला वाटायचं योगायोग. नातीला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर नोकरी सोडून आली असती. तिलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी सोडत नाही. पण तुम्हालाही सोडत नाही."

काल संध्याकाळीच तिने मला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू आहे. गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतो, अगदी सोपं असतं. त्याचं काय जातं, डोळा माझा! पण ती बाहेर बसणार आहे, टेलरबाई आणि बेकरीवालाही येणार आहेत. बँडमास्तरसुद्धा येतो म्हणाला. त्याला वाजवू नको म्हणून बजावलंय.

बेकरीवाला सायकल पुन्हा रंगवायला निघाला होता. मी हात लावू दिला नाही. पट्टी निघाली की आधी नातीचं तोंड बघायचंय, मग ती सायकल. आणि सुट्टी संपून ती निघेल तेव्हा कोपऱ्यावर वळेपर्यंत तिला बघत राहायचंय.

तू ये. जिना मात्र सावकाश.

अक्षर मोठं काढलं ते तुझ्यासाठी नव्हतं, ताई.

तुझा भित्रा धाकटा भाऊ