नडगीवरची ओली पट्टी

आबा,

तुमच्या लेखी पाय म्हणजे पोटरी. फौजेतून पेन्शनीत आल्यावर उंब्रजजवळच्या सर्व्हिस रोडवर तुम्ही गावातली पोरंपोरी भरतीसाठी पळवायचात आणि एकेकाच्या पोटरीवर थाप मारून बघायचात. "दगड पायजे हितं, दगड." माझी पोटरी तशी झालीही होती. दुखत होती ती पुढची नडगी. पोटरी टाच उचलते, अंगाला पुढं ढकलते. पण चालताना चवडा वर उचलून धरणारा स्नायू पुढच्या बाजूला, नडगीच्या हाडाला लागून असतो. दोन हाडं आणि अजिबात न ताणला जाणारा एक पडदा यांच्यामध्ये तो कोंडलेला. सुजला तर त्याला फुगायला जागाच नाही. हे मला फार उशिरा शिकायला मिळालं.

पोलीस भरतीच्या ग्राउंडच्या आदल्या दिवशी सकाळी पळताना माझी नडगी टरटरून सुजली. तुम्ही तुमची फौजेतली पायाला गुंडाळायची पट्टी काढलीत, पाण्यात भिजवलीत आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत करकचून बांधलीत. वाळली की ती आणखी आवळते, आणि तुम्हाला तेच हवं होतं. "ह्यानं सूज दबती. चल, पळ." मी पळाले. दुपारी आई स्वयंपाकघरातून हात पुसत येते, माझ्या अंगठ्याला चिमटा काढते, मला कळतच नाही. "आवं, बोटं बधिर झाल्यात पोरीची. सोडा की ती पट्टी." तुम्ही पेपरातून मानही वर करत नाही. "उद्या ग्राउंड हाय. दुखणं डोक्यात असतंय, पायात न्हाई." मी रडत होते, आबा, तुमच्यासमोर मोठ्यानं रडत होते. संध्याकाळी आईनंच कात्री घेऊन ती पट्टी कापली. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी नडगी उभी चिरली तेव्हा आतला स्नायू मेलेला होता. तेव्हापासून माझा चवडा उचलत नाही, बुटात प्लास्टिकचा आधार घालून चालते.

फौजेत पाहिलं तेच तुम्ही केलंत, एवढं मी समजून घेईन. पण नंतर एसटी स्टँडवर बसून "पोरीनं अंग चोरलं, ग्राउंडाला भ्याली" असं सांगत सुटलात, ते कशासाठी? माझं ऑपरेशन झालेलं सगळ्यांना माहीत होतं, तरी गावानं तुमचंच खरं मानलं. शेवटच्या आजारपणात मी तुमचे पाय चेपत होते, तेव्हाही तुम्ही माझ्या पायाचा विषय काढला नाहीत. मी वाट बघत होते.

आता सांगलीत मी फिजिओथेरपीच्या मुलांना हाच पाय शिकवते. सुजलेली नडगी आवळून बांधू नका, दुखतंय म्हणणाऱ्याचं आधी ऐका, हे त्यांना दरवर्षी बजावते. मग एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, तुमच्या पायाला काय झालं?"

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. मी म्हणते, गाडीवरून पडले. तुम्ही मला अख्ख्या गावात खोटं पाडलंत, आणि मी अजून तुमच्यासाठी खोटं बोलते. फार चीड येते मला माझी.