मशीन तिरकं करून पाहिलं

८ नोव्हेंबर
स्नो ब्लोअर घेतला, दारातला बर्फ उडवून बाजूला टाकणारं मशीन. पाटीवर किंमत साडेनऊशे डॉलर. खरी किंमत: साडेनऊशे, पेट्रोलचा कॅन, ऑइल, कव्हर, कान झाकणारी टोपी, आणि मशीनला गॅरेजमध्ये जागा हवी म्हणून माझी गाडी आता कायमची बाहेर. ट्रकने बर्फ काढून देणाऱ्या प्लाऊवाल्याचं कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल केलं, तिथे दर हिवाळ्याला चारशे वाचले. म्हणजे चौथ्या हिवाळ्यापासून मशीन फुकट. सुलेखा म्हणाली, फावडं वीस डॉलरला मिळतं. बायकोला शांतपणे समजावलं: फावड्याने अख्खा दिवस जातो, आणि माझा दिवस वीस डॉलरचा नाही.

९ नोव्हेंबर
मशीनची पूजा. हळद, कुंकू, नारळ. नारळ मशीनमध्येच घालून फोडावा असं मनात होतं, सुलेखाने हातातून काढून घेतला.
आमची लेक अनिका म्हणे, बाबा, जस्ट रीड द मॅन्युअल. मॅन्युअल ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी. अकोल्यात स्कूटरच्या गॅरेजवर पाने पुसत मोठा झालो, आज दोन वेअरहाऊस आहेत. इंजिन मला आवाजावरून कळतं.

३० नोव्हेंबर
पहिला बर्फ. चार इंच. एवढ्यासाठी मशीन काढणं म्हणजे मुंगीवर तोफ. दुपारी आपोआप वितळला. घाबरला असावा.

१४ डिसेंबर
सहा इंच. पण थंडी भयंकर, नवं इंजिन अशा हवेत बाहेर काढू नये. (असं मला वाटतं.) शेजारच्या वॉल्टने त्याचा ब्लोअर आमच्याही ड्राइव्हवेवर फिरवला. खिडकीतून त्याच्या इंजिनाची खरखर ऐकली. निदान: फार दिवस टिकणार नाही.

३ जानेवारी
वॉल्ट फ्लोरिडाला गेला. त्याचा जुना ब्लोअर त्याच्या गॅरेजमध्ये, कुलपात.
सुलेखाचं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं. सतरा तारखेला, आमच्याकडे. अकरा वर्षं ती दुसऱ्यांकडे जाते आहे. आमच्याकडे करायचं म्हटलं की काहीतरी आडवं येतं: एकदा बेसमेंटमध्ये पाणी, गेल्या वर्षी माझा गुडघा. यंदा चाळीस बायका. वाणाचे स्टीलचे डबे तिने आजच पुसून ठेवले. अट एकच, ड्राइव्हवे साफ हवा, बायका रेशमी साड्या नेसून येणार. शब्द दिला. एकीचीही निरी भिजली तर नाव लावणार नाही.

१६ जानेवारी, सकाळ
रात्रीत अकरा इंच. हेच हवं होतं.
दोरी ओढली. मशीन खोकलं आणि गप्प. परत ओढली. नुसतं गप्प.
कान लावला. पेट्रोल चढत नाहीये, एवढंच. स्कूटर चालू झाली नाही तर आपण काय करतो? तिरकी करतो. सगळा महाराष्ट्र तिरकी करतो. त्यासाठी कोणी मॅन्युअल वाचलंय?
मशीन दोन माणसांच्या वजनाचं. एकट्याने तिरकं केलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं, प्रेमाने.

थोड्या वेळाने
सुरू झालं. धूर येतोय, पण पांढरा. काळा वाईट, पांढरा चांगला. समोरची घरं दिसेनाशी झाली. पोस्टमनने विचारलं, बार्बेक्यू आहे का.

आणखी थोड्या वेळाने
बंद पडलं. आता दुसऱ्या बाजूला तिरकं करून बघतो.

दुपार
शाळेला स्नो डे, म्हणजे बर्फाची सुट्टी, त्यामुळे अनिका घरी. तिने मॅन्युअलचं पान आणून दाखवलं. मशीन तिरकं करू नका, ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं. शेजारी मशीन तिरकं धरलेल्या माणसाचं चित्र, त्यावर फुली. माणूस साधारण माझ्याच पवित्र्यात उभा आहे. टक्कलसुद्धा तसंच. योगायोग.
प्लाऊवाल्याला सहज फोन केला. त्याचा रूट फुल.

संध्याकाळ
माझे कान तिखट आहेत. किचनचं दार बंद होतं, तरी ऐकू आलं. सुलेखा फोनवर मैत्रिणीला, हिमानीला सांगत होती: नाही गं, अजून तिरकंच करतायत. मग म्हणाली, बरं, तुझ्याकडे करू या.
आवाज अगदी साधा. चिडली असती तर बरं झालं असतं. मला समजूत काढता आली असती.

१७ जानेवारी
हळदीकुंकू हिमानीकडे झालं. आमची गाडी बर्फात रुतलेली, म्हणून हिमानीचा नवरा मोरेश्वर न्यायला आला आणि रस्त्यावरच थांबला. सुलेखा पैठणी गुडघ्यापर्यंत धरून, पायात स्नो बूट. डबे मी नेले, चार फेऱ्या करून. दोनदा बसलो. डबे चांगल्या क्वालिटीचे आहेत, पोचा नाही.
तिथे नवऱ्यांना बेसमेंटमध्ये बसवलं होतं. मोरेश्वरने विचारलं, मशीन कसं आहे. म्हटलं, पॉवर फार आहे.
निघताना हिमानी म्हणाली, भावोजी, जरा थांबा. पुरुषांना वाण देत नाहीत. मला दिलं. नवं कोरं फावडं, दांड्याला हळदीकुंकू लावलेलं. वर तिळगूळ, आणि गोड बोला. सगळ्या बायका दारात उभ्या राहून हसत होत्या, सगळ्यात जास्त सुलेखा. कालपासून पहिल्यांदाच.
घरी आलो आणि त्या फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायला घेतला.
जेवायच्या आधी संपला.